दाजीचो ताल

जिन्यावर पावले वाजू लागली आणि माझ्या हातातली पेन्सिल माझ्या नकळत टेबलावर आपटू लागली. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. सकाळचे साडेआठ झाले होते. बंदरावरच्या आमच्या कचेरीत मी पहाटेच्या भरतीची उंची वहीत उतरवत होते, एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर, आणि शेवटचे अक्षर काढून झाल्यावर माझ्या लक्षात आले की पेन्सिल लिहीत नाही, वाजते आहे. पावले चौदाव्या पायरीला संपली. पेन्सिलही थांबली. दारात खाकी शर्ट घातलेला, चाळिशी उलटलेला, कानशिलावरचे केस पिकलेला माणूस उभा होता. माजी सैनिकांसाठी राखलेल्या शिपायाच्या जागेवर आपली नेमणूक झाली आहे, असे त्याने जपून बोललेल्या शुद्ध मराठीत सांगितले आणि कागद पुढे केला. नाव काशिनाथ, गाव नांदगावकडे. मी कागद घेतला, पण पाहिले ते त्याच्या बुटांकडे. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा दोन बोटे जाड होता.

हे शहाऐंशी सालच्या एप्रिलमधले. मला भौतिकशास्त्राची पदवी घेऊन वर्ष झाले होते आणि धक्क्याजवळ रोवलेल्या पट्टीवर पाणी किती चढले, किती उतरले, हे दिवसातून चार वेळा वाचून लिहिण्याची तात्पुरती नोकरी मला मिळाली होती. मला ती आवडे. लाट पट्टीवर आपटून खाली जाते, पुन्हा वर येते, आणि या दोन्हींच्या मधला खरा आकडा डोळ्यांनी पकडावा लागतो. जे दिसते ते मोजावे आणि मोजले ते लिहावे, यापलीकडे मला फारसे काही येत नाही. त्यामुळे त्या सकाळी मी अस्वस्थ झाले. ताल माझ्या ओळखीचा होता. तो माणूस नव्हता. ओळख कुठून आली याचा दिवसभर शोध घेतला आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ती पडवीतल्या बाकड्यावर बसलेली सापडली. बाबा जेवणाआधी नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटे बाकड्याच्या फळीवर पडत होती. एक लांब, एक आखूड. लहानपणापासून मी हा आवाज ऐकत आले होते. जगातल्या प्रत्येक घरात संध्याकाळी बापाच्या बोटांचा असाच आवाज येत असेल असे मला तेव्हा वाटे. पुढे वाटेनासे झाले, पण विचारायचे राहून गेले. घरातल्या आवाजांचा अर्थ कोणी विचारत नाही.

माझ्या वडलांना गावात दाजी म्हणतात. देवळात ढोल वाजवण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे, त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून. दसऱ्याला तरंग निघतात, म्हणजे लुगडी नेसवलेल्या देवाच्या उंच काठ्या. ज्याच्या हातात काठी असते त्याच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो आणि तो कसा चालेल हे कोणालाच ठाऊक नसते. कधी तो धावत सुटतो, कधी एका पावलावर थबकून डुलत राहतो. ढोल त्याच्या मागे जातो. बाबा सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: तोंडाकडे बघायचे नाही, पायांकडे बघायचे. देव पायातून चालतो. पाय पडेल तेव्हाच ढोलावर टिपरू पडले पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. बाबांना त्यामुळे आजही माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. कोणी वाटेत हाक मारली तर ते खाली पाहतात आणि मग नाव घेतात.

मी आठ वर्षांची होते तेव्हा, बहात्तर सालच्या मे महिन्यात, लढाईवरून आलेल्या आसपासच्या तालुक्यांतल्या जवानांची मालवणात मिरवणूक निघाली. बंदरावरून सुटून बाजारपेठेतून भरड नाक्यापर्यंत. अकरा जवान होते. काही रजेवर आलेले, काही इस्पितळातून थेट. गुरुदास म्हणून एकाचा लग्नाचा बँड होता, त्यात बाबा मोठा ढोल वाजवत. गुरुदासने त्यांना बजावले होते की ही वरात नव्हे, मिलिटरीचा ताल पाहिजे, मिनिटाला एकशे वीस. गजराचे घड्याळ समोर ठेवून आठ दिवस बाबा पडवीत सेकंदाला दोन ठोके मारत होते. माई, म्हणजे माझी आई, म्हणे की आता कोंबडीही मिलिटरीत चालते. एवढी तयारी झालेली असताना त्या दिवशी काय झाले ते सगळ्या गावाला माहीत आहे. मिरवणूक बंदरावरून निघाली तेव्हा ताल बरोबर होता. वीस-पंचवीस पावलांनंतर तो सैल पडू लागला. बाजारात शिरेपर्यंत इतका खाली आला की क्लॅरिनेटवाल्याचा दम सुराच्या मधेच संपायला लागला आणि सूर फाटले. गुरुदास मागे वळून डोळे वटारत होता. दाजीला तो दिसला नाही. दाजी खाली पाहत होता. भरडावर मांडवात पाहुणे घामाघूम होऊन बसले होते, आरत्यांची निरांजने दोनदा विझली, शाळेच्या मुलींपैकी एकीला भोवळ आली. अर्ध्या तासाच्या मिरवणुकीला पाऊण तासाच्या वर लागला. गुरुदासने दुसऱ्या दिवशी ढोल काढून घेतला. मर्तिकाला निघाल्यासारखा वाजवलास, असे तो अंगणात येऊन म्हणाला. बाबा गुरुदासच्या चपलांकडे पाहत होते.

मला आठवते ते थोडे निराळे. मी एका दुकानाच्या पायरीवर माईच्या कमरेला धरून उभी होते. जवान आले ते झुलत आले. अकराही जण, एकाच वेळी, डाव्या पावलावर किंचित खाली जात आणि उजव्यावर किंचित वर येत, वारा नसताना धक्क्याला बांधलेल्या होड्या हलतात तसे. बूट एकदम पडत होते, एक लांब, एक आखूड, आणि दुकानाची पायरी माझ्या तळव्यांखाली दर ठोक्याला थरथरत होती. मला ते फार सुंदर वाटले होते. माई पुटपुटली होती, काय गो हे, पालखी घेऊन इल्यासारखे. ती चेष्टा नव्हती.

गावाने मात्र त्याची चेष्टा केली, आणि टिकाऊ केली. एसटी उशिरा आली की ती दाजीच्या तालावर आली. गवंड्याचे काम रेंगाळले की दाजीचो ताल. वर्गात माझे गणित सोडवून व्हायला वेळ लागला की मागच्या बाकावरून तेच येई, आणि मास्तरही हसत. पुढे पुढे तो शब्द माणसापासून सुटला. कोण दाजी, हे विसरून लोक तो वापरू लागले, अगदी आमच्यासमोर, काही मनात नसताना. ते जास्त लागत असे. बाबा तेव्हापासून लाकडाच्या वखारीत कामाला जातात. करवतीच्या आवाजाने त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. देवळातला ढोल तेवढा राहिला; तिथे कोणी घड्याळ धरत नाही.

काशिनाथ कचेरीत रुजू झाल्यावर मी जे केले ते सांगायला थोडे अवघड वाटते. मी त्याची पावले मोजली. खालच्या दालनातून वर, माझ्या टेबलापासून साहेबांच्या दारापर्यंत, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मनगटावरचे घड्याळ, अर्धे मिनिट. बेचाळीस. पुन्हा बेचाळीस. एकदा एकेचाळीस, तेव्हा हातात पाण्याचा माठ होता. म्हणजे मिनिटाला चौऱ्याऐंशी. मग घरी, जेवणाआधी, बाबांची बोटे. अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस, तिसऱ्या दिवशीही. तीनचा फरक पडत होता. लांब आणि आखूड यांचे प्रमाण मात्र तेच. चौदा वर्षांत बोटांचे सांधे आखडतात हे धरले तर फरक समजण्यासारखा होता, पण धरून चालणे मला आवडत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आणि त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह काढले नाही.

काशिनाथकाका, मी त्यांना असेच म्हणू लागले होते, बोलके होते. आठ दिवसांत त्यांची शुद्ध मराठी गळून पडली आणि ते मला बाय म्हणायला लागले. दुपारी डबा खाताना त्यांनी आपण होऊन पायाची गोष्ट सांगितली. मांडीचे हाड मोडले, जुळले ते सव्वा इंच आखूड जुळले. इस्पितळात चार महिने. डॉक्टरने सांगितले होते की काठी घेऊन चालशील, रांगेत चालणे विसर. ते घरी आले आणि मालवणातून मिरवणुकीचे पत्र आले. पुढे चालणारे सुभेदार म्हणाले की जमेल तिथवर ये, मागे पडलास तर बाजूला हो, कोणी काही म्हणणार नाही. काठी त्यांनी आपल्या आईच्या हातात दिली आणि रांगेत तिसरे उभे राहिले. हे सांगताना त्यांचा घास हातातच राहिला होता. "एक पाय चुकूक नाय, बाय. भरडापर्यंत सगळ्यांवांगडा गेलंय. डॉक्टराचा खोटा केलंय." त्यांच्या मुलांना ही गोष्ट पाठ होती. घर बांधताना, शेतात उतरताना, पाय दुखून झोप येत नसे तेव्हा ते तो दिवस आठवत. मग ते हसले आणि म्हणाले की बँडवाला तेवढा झोपलेला होता, तुमच्याकडे म्हणतात ना, दाजीचो ताल, तसा.

मी डब्याचे झाकण लावले. लागले नाही, आटे चुकले होते, पुन्हा फिरवले. माझ्याकडे पुरावा होता. मागच्या पानावर दोन आकडे, लहानपणची झुलणारी रांग, आणि आता तिसऱ्या क्रमांकावरचा हा माणूस स्वतः. चार वाक्ये बोलले असते तर चौदा वर्षे गावाने ज्याला चूक म्हटले ती चूक नव्हती हे सिद्ध झाले असते. ज्याच्यापाशी सिद्ध करायचे त्याच्यासमोरच मी बसले होते. आणि त्याच चार वाक्यांनी हेही सिद्ध झाले असते की डॉक्टर खोटा ठरला नव्हता. काशिनाथकाका रांगेबरोबर चालले नव्हते, रांग त्यांच्याबरोबर चालली होती. एका माणसाचा मान परत आणायला दुसऱ्याचा तो एक दिवस मोडावा लागणार होता. प्रयोगशाळेत असे होत नाही. तिथे आकडा खरा ठरला की कोणाचे काही जात नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी बसले आणि विचारले की त्या दिवशी ताल सावकाश का धरला. इतक्या वर्षांत घरात कोणी हे विचारले नव्हते. आत माईचा पाटा थांबला. बाबांना आश्चर्य वाटले, पण माझ्या प्रश्नाचे, स्वतःचे नव्हे. "मी खंय धरलंय? पाय चल्ले तसो वाजवलंय." मी म्हटले, पण शिकवलेला ताल वेगळा होता, घड्याळ लावून बसत होता तुम्ही. ते म्हणाले, होता. मग म्हणाले, एक बूट जाड होता, डावा. तो पडला की पुढचा पडायला वेळ लागायचा. बाकीचे दहा त्याच्या पुढे निघून जात होते. एवढेच. त्यांनी दया केली होती की सहाव्या वर्षी हाताला लागलेल्या सवयीने केले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही, आणि त्यांनाही ठरवता आले असते असे वाटत नाही. मिलिटरीत पाय ढोलामागे जातात. आमच्या देवळात ढोल पायामागे जातो. कोणी कोणाला हे सांगितले नव्हते.

तो माणूस आमच्या कचेरीत आला आहे, असे मी सांगितले. बाबांची बोटे बाकड्यावर थांबली.

"अजून तसोच चलता?"

"तसोच. जिनो चढता."

मी म्हटले की मी काशिनाथकाकांना सांगणार, गुरुदासला सांगणार, सगळ्यांना कळायला हवे. बाबा माझ्यावर कधी रागावत नाहीत. तेव्हाही रागावले नाहीत, फक्त पहिल्यांदाच पायांकडे न पाहता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "कोणाक कायेक सांगू नको. तेच्या पायाचा गावभर कित्याक करतंस?"

मी सांगितले नाही. पेन्सिलीने सांगितले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, काशिनाथकाका फायलींचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलासमोरून जात होते. मी ओहोटीचा तक्ता तपासत होते. ते मधेच थांबले. मग दोन पावले चालले आणि थांबले. मग एकच पाऊल टाकले. मी मान वर केली तेव्हा ते माझ्या हाताकडे पाहत होते आणि पेन्सिल टेबलापासून बोटभर उंच, पुढच्या पावलाची वाट बघत थांबलेली होती. हे कुठे शिकलीस, त्यांनी विचारले. घरी, मी म्हटले, बाबा वाजवतात. बाबा कोण? खोटे बोलता आले असते. मी नाव सांगितले, गावात म्हणतात तेच, दाजी. त्यांनी फायली माझ्या टेबलावर ठेवल्या, त्या तिथल्या नव्हत्या, आणि हिशेबात कुठे चुकले ते शोधणाऱ्यासारखे खिडकीतून धक्क्याकडे पाहिले. मिरवणूक तिथूनच सुटली होती. मग ते खाली गेले. चौदा पायऱ्या मी ऐकल्या. पहिल्यांदाच ते कठड्याला धरून उतरत होते, लाकूड करकरत होते, आणि ताल कसलाच नव्हता.

पुढचे तीन दिवस ते बोलावल्याशिवाय वर आले नाहीत. आले की पाय घासत येत, उचलत नसत, पावलाचा आवाजच होऊ नये अशा बेताने. मी पेन्सिल सोडून शाईचे पेन वापरायला लागले. भरतीची उंची एकदा चुकीची वाचली, पुन्हा जाऊन वाचली. मी त्यांच्यापासून काय काढून घेतले हे मला नेमके माहीत होते आणि ते परत कसे ठेवायचे ते माहीत नव्हते. शनिवारी दुपारी काशिनाथकाका चहाची किटली घेऊन वर आले. आमचे हेडक्लार्क भाई, मनाने चांगला माणूस, चष्मा कपाळावर चढवून सवयीने म्हणाले, "चाय दाजीच्या तालार इली मां?" मी पेनचे टोपण लावले. काशिनाथकाकांनी किटली टेबलावर ठेवली. भाईंचा कप आधी भरला, मग माझा.

"भाई, त्या तालार मी चल्लंय. भरडापर्यंत. बरो ताल होतो." त्यांनी बशी भाईंच्या पुढे सरकवली. "तुमका जमाचो नाय."

भाई हसायला लागले, मग माझ्याकडे पाहून थांबले आणि चहात फुंकर घालत राहिले. काशिनाथकाका परत निघाले. या वेळी पाय उचलून. जिन्यावर चौदा ठोके पडले, लांब, आखूड.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते आमच्या घरी आले. खांद्यावर कापा फणस, नांदगावहून एसटीच्या टपावरून आणलेला. अंगणात माईने रातांब्याची सोले वाळत घातली होती, त्यांना वळसा घालून ते चिऱ्यांच्या वाटेने पडवीपर्यंत आले. बाबा बाकड्यावर बसले होते. त्यांनी खाली पाहिले, जाड तळाचा बूट पाहिला आणि सरकून जागा केली. माईने पाणी आणि गूळ ठेवला. दोघे तासभर बोलले. फणसाला यंदा उशीर झाला. नांदगावकडे विहिरी आटल्या. वखारीत आता साग येत नाही, काजूची लाकडे येतात. मिरवणुकीचे नाव कोणी काढले नाही. मी उंबऱ्याशी बसून आठळ्या सोलत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर वाट पाहत होते. मग काशिनाथकाका उठले, माईला आणि बाबांना येतंय म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून वाटेला लागले.

बाबांची बोटे बाकड्यावर पडू लागली. त्यांना कळलेही नसावे. गडग्यापर्यंतची, आवाराच्या दगडी कुंपणापर्यंतची वाट लांब आहे, चिरे कडक, बुटांचा आवाज नीट येतो. निम्म्या वाटेवर काशिनाथकाका थांबले. मागे वळले नाहीत. बोटे थांबली. दुपारच्या शांततेत सोलांवरच्या माश्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. त्यांनी डावे पाऊल टाकले आणि बाकड्याची फळी वाजली. उजवे टाकले, फळी वाजली. त्यांची मान किंचित कलती झाली, उजवा कान आमच्याकडे. मग ते ताठ झाले, हात बाजूला सरळ आले आणि ते चालू लागले. मी घड्याळ पाहिले. सवय आहे. गडग्यापाशी ते नजरेआड झाले तेव्हा अर्धे मिनिट नुकते भरत होते. बेचाळीस व्हायला हवी होती. एकोणचाळीस झाली, बाबांच्या बोटांइतकी. मी दोनदा वजाबाकी केली. ही तीन पावले कमी करण्यासाठी त्यांना त्या सव्वा इंच आखूड पायावर दर वेळी जरा जास्त वेळ उभे राहावे लागले असणार, आणि ते दुखले असणार.

बाबा रिकाम्या वाटेकडे पाहत होते. बोटे अजून फळीवर टेकलेली होती.

"सावकाश चलता आता तो," ते म्हणाले. "वय झाला तेचा."

"होय, बाबा," मी म्हटले.